योरुन मावशीचे निळे बूट

या, अशा जवळ या. ती खुर्ची चुलीकडे ओढा, ओले मोजे दांडीवर टाका, कॉफी हातात घ्या. आज मी तुम्हाला एका बुटांच्या जोडाची गोष्ट सांगणार आहे. बुटांची म्हणजे प्रेमाचीच… ऐकाल तेव्हा पटेल. देवाच्या दारातली गोष्ट आहे, म्हणून सावकाश ऐका. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा, त्याला आवडतं.

ग्रानदाल गावात दर शरद ऋतूत शाळेच्या व्यायामशाळेत बदलबाजार भरतो. पोरांचे पाय वाढतात, बूट वाढत नाहीत. म्हणून सगळं गाव आपापले तोकडे झालेले स्कीचे बूट घेऊन येतं आणि दुसऱ्याचे घेऊन जातं. त्या दिवशी बाहेर ना धड पाऊस, ना धड बर्फ, असं काहीतरी काचांवर येऊन चिकटत होतं. आत ओल्या लोकरीचा वास, गरम वाफल्सचा वास, आणि बुटांच्या टेबलामागे हेर्दिस.

हेर्दिस म्हणजे गावाचे माग पाडणारी मुलगी. हिवाळाभर ती बर्फ दाबणारं मोठं यंत्र डोंगरात घेऊन जायची आणि बर्फावर स्कीसाठी दोन सरळ रेघा ओढत यायची. त्या रेघांवरून कोण गेलं, कोण थकून परतलं, कोण कुणासाठी थांबलं, हे सगळं तिला वाचता यायचं. बोलायला फटकळ, हसायला उदार.

"हे… हे काळे दाखवता?"

तिने वर पाहिलं. उंच माणूस, ओले केस कपाळाला चिकटलेले, हातात टोपी पिळून धरलेली. तिने ओळखलं. चर्चमधला नवा स्तोत्रगायक, एंद्रे. पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बेटावरून आलेला. रविवारी तो स्तोत्राची पहिली ओळ उचलायचा आणि मग सगळं चर्च त्याच्यामागून जायचं.

"हे शर्यतीवाल्यांचे आहेत," हेर्दिस म्हणाली. "घोट्याला कडक असतात. तुम्ही शर्यतीत उतरता?"

"हं… म्हणजे… आधी. थोडंफार."

"कुठे?"

"तिकडे. किनाऱ्याकडे."

"किनाऱ्यावर बर्फ पडतो?"

"पडतो की. अधूनमधून… मंगळवारी वगैरे."

हेर्दिसने हसू गालात दाबलं आणि बूट पुढे सरकवले.

ग्रानदालमध्ये बूट घालून बघायची एक रीत आहे. नाड्या बांधायच्या, उभं राहायचं आणि एक गुडघा जमिनीला टेकवायचा. या स्कीला बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकतो. टाच मोकळी, पावलागणिक वर उठणारी. गुडघा टेकला की बूट नेमका कुठे मोडतो ते समजतं. बोटांवर चिमटा बसला तर तो बूट परका. बोटांच्या मागे अलगद वाकला तर आपला. इथलं शेंबडं पोरसुद्धा हे न सांगता करतं. त्या दुपारी व्यायामशाळेत जागोजागी माणसं गुडघे टेकत होती. चर्चमध्येही इतकी टेकत नाहीत.

एंद्रेने बूट चढवले आणि तो ताठ उभा राहिला. धक्क्यावर उभं राहून होडीची वाट बघावी, तसा.

"कसे वाटतात?"

"घट्ट. छान घट्ट. सैल बुटात पाय घसरतो ना."

"टाच उचलते का?"

"कुठली?"

"दोन्हींपैकी कुठलीही चालेल."

तो लाल झाला. पातळ शहरी मोजे घातलेले ते पाय, तो न टेकलेला गुडघा… हेर्दिसला सगळं कळून चुकलं. या माणसाने जन्मात स्की पायाला लावलेली नाही. आणि हे ग्रानदाल! इथे 'मला स्की येत नाही' म्हणणं म्हणजे 'मला चालता येत नाही' म्हणण्यासारखं.

तेव्हाच सांगायला हवं होतं तिने. पण तो इतका ताठ उभा होता, इतक्या जपून आपला मान सांभाळत होता… आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला. चावतील बूट, मग येईल बदलायला. परत येईल.

"तुम्हाला शोभतात," ती म्हणाली.

जाता जाता त्याची नजर टेबलाखाली गेली. तिथे विटक्या निळ्या चामड्याचे, लाल नाड्यांचे भलेमोठे बूट पडले होते.

"ते कुणाचे?"

"माझ्या योरुन मावशीचे. बायकांचे आहेत, पण गावातल्या एकाही बाईचा पाय तेवढा नाही. दर वर्षी आणते, दर वर्षी परत नेते."

"बिचारे," एंद्रे म्हणाला. कुणाबद्दल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

हिवाळा लागला. बर्फ असा पडला की कुंपणं बुडाली. हेर्दिस रोज माग पाडायची आणि रोज एका घराच्या दारापुढे नजर टाकायची. दारापासून चर्चपर्यंत बुटांची पायवाट होती, स्कीची एक रेघ नव्हती. आणि तो बूट बदलायलाही आला नाही.

रविवारी ती सगळ्यात मागच्या बाकावर बसायची. एंद्रेचा आवाज उठला की तिला वाटायचं, कुणीतरी थंड खोलीत दिवा आणला. मग सगळे गायचे. हेर्दिसचे ओठ सगळ्यांबरोबर हलायचे.

एका रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एक विचारू? मी समोर उभा असतो. मला एकेक आवाज वेगळा ऐकू येतो. तुमचा कधीच ऐकू येत नाही."

हेर्दिसने घाईने कॉफीचा घोट घेतला. मग तिची जीभ नेहमीसारखी धावून आली.

"आणि मी डोंगरात असते. मला एकेक माग वेगळा दिसतो. तुमचा कधीच दिसत नाही."

मग दोघंही आपापल्या कपात बघत.

तेवढ्यात आमुंडकाका आले. चर्चच्या समितीचे प्रमुख, भुवया बर्फासारख्या पांढऱ्या. त्यांनी एंद्रेच्या पाठीत थाप मारली. "काय गायक! ईस्टर जवळ आला. वर गवताळ माळावर उन्हात उपासना, बर्फाचीच वेदी, बर्फाचेच बाक! सगळं गाव स्कीवर वर जातं आणि तिथे गायक पहिली ओळ उचलतो. तू मुलाखतीत म्हणालासच होतास, स्कीवर जातो म्हणून. ईस्टर झाला की समिती बसेल, तुला कायमचा करून टाकू!"

"हो… हो काका," एंद्रे म्हणाला. त्याचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला होता. हेर्दिसने तो पाहिला, आणि पहिल्यांदाच तिला हसू आलं नाही. हा वर पोहोचला नाही तर वसंतात बोटीत बसून आपल्या बेटावर परत जाईल. मग रविवारी तो दिवा कोण आणणार?

पुढच्याच आठवड्यात तो तिला दिसला. चर्चमागच्या देवदारांत, कुणाच्या नजरेस पडू नये अशा जागी बर्फात बसलेला. एक काळा बूट पायातून निघालेला, मोजा टाचेपाशी रक्ताने माखलेला. भोवती पडल्याच्या, उठल्याच्या, पुन्हा पडल्याच्या खुणा. तिला वाचायला काही अवघड नव्हतं. तिने यंत्र थांबवलं.

"हसा," तो म्हणाला. "मला स्की येत नाही. झालं! बोललो एकदाचा. आमच्याकडे पाऊस पडतो, फक्त पाऊस. काकांनी विचारलं ते असं विचारलं, जणू कॉफी घेता ना… मी हो म्हणून बसलो."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"…बदलबाजारापासून. तुम्ही गुडघा टेकला नाहीत."

त्याने मान वर केली. "माहीत होतं? आणि तरी हे बूट दिलेत? शोभतात म्हणालात?"

"वाटलं… चावतील, मग तुम्ही परत याल. माझ्याकडे."

एरवी किती गोड वाक्य होतं ते! पण रक्ताळलेला मोजा हातात घेऊन ऐकायचं वाक्य नव्हतं. एंद्रे उठला, स्की काखेत मारली.

"म्हणजे हिवाळाभर मी तुमची करमणूक होतो," असं म्हणून लंगडत निघून गेला. हेर्दिस यंत्राच्या शिडीवर बसून राहिली. त्या दिवशी तिने पाडलेले माग वाकडे आले, असं गाव अजून सांगतं.

योरुन मावशी गावाच्या वरच्या टोकाला, गावाने म्हाताऱ्यांसाठी चालवलेल्या घरात राहायची. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. खिडकीत बसून ती डोंगराचा उतार बघायची. त्याच उतारावरून ती दर ईस्टरला माळावर गेलेली.

"कोण, हेर्दिस? गेले का गं माझे बूट?"

"नाही मावशी. पण… एका पायाला बसतील असं वाटतंय. देऊ का?"

"कुणाच्या पायाला?"

"स्तोत्रगायकाच्या."

"पुरुषाचा पाय? माझ्या बुटात?" मावशी खुर्ची करकरेपर्यंत हसली. "माझा बाप म्हणायचा, या पोरीला बूट नका घेऊ, होडी घ्या! दे गं बाई, दे. त्या बुटांना एकदा सोबत मिळू दे."

हेर्दिस मात्र हसली नाही. तिने सगळं सांगितलं. काळे बूट, रक्त, काखेतली स्की.

मावशीने तिला हात धरून जवळ बसवलं. मग म्हणाली, "तू त्याची लाज पाहिलीस. आपली दाखवलीस का?"

"माझी कसली?"

"मला शिकवतेस? मी तुझ्या शेजारी बसलेय चर्चमध्ये. तुझे ओठ हलतात, कंठ हलत नाही. बूट नुसते नेऊ नकोस, पोरी. त्यांच्याबरोबर तेही ने."

दुसऱ्या दिवशी हेर्दिस त्याच्या दारात उभी. एका हातात निळे बूट, दुसऱ्यात जाड लोकरी मोजे.

"बदलायला आणलेत," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत, म्हणून बाजारच आला."

दार अर्धंच उघडं होतं. "बायकांचे बूट?"

"हो. आणि आत येऊ दिलंत तर एक गोष्ट सांगते. मग मनापासून हसा, म्हणजे फिटंफाट."

त्याने दार उघडलं. ती चुलीजवळ उभी राहूनच बोलली, थांबत, अडखळत. लहानपणी शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. बाईंनी सगळ्या मुलींना थांबवलं आणि म्हणाल्या, हेर्दिस, तू फक्त ओठ हलव. "तेव्हापासून मी… फक्त ओठ हलवते. देवापुढेसुद्धा. त्याला तरी फसवता येतं का? पण आवाज निघतच नाही."

एंद्रे हसला नाही. त्याने मोजे चढवले, निळे बूट घातले, लाल नाड्या बांधल्या. उठला. आणि एक गुडघा जमिनीला टेकवला.

"कुठे मोडतो?" तिने हळूच विचारलं.

"बोटांच्या मागे. अलगद." तो खाली तसाच राहिला. "टाचसुद्धा घट्ट धरलीय… दोन्ही टाचा."

"उठा आता."

"थांब ना. जरा बघू दे नीट." 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मग दुपारी दोघं देवदारांत जाऊ लागली. निळे बूट मऊ होते, जुने होते, माणसाच्या पायाला ओळखणारे होते. पण पाय ऐकेनात.

"एक पाय ढकल, दुसरा बर्फावरून वाहू दे!" हेर्दिस ओरडायची. "पाय आपटू नकोस, तुला बोटीचा डेक धुवायचा नाहीये!"

"वाहू दे म्हणजे किती वेळ?"

"जेवढा वेळ तो वाहतो तेवढा!"

"हे काय उत्तर झालं? मला ताल दे, ताल! मी तालावर चालणारा माणूस आहे."

"मग गा ना आपलं स्तोत्र!"

त्याने गाऊन पाहिलं. दोनदा ढकलताच दम लागून तो बर्फात लोळला. पाठीवर पडल्या पडल्या, आभाळाकडे बघत म्हणाला, "माझ्यात हवा नाही. तू गा."

"मी?"

"इथे कोण आहे? झाडं आहेत. झाडांना सूर कळत नाही. आणि मी पडलेला माणूस, मी कुणाला नावं ठेवणार?"

हेर्दिसने खोल श्वास घेतला. आवाज आला तो गंजलेल्या दाराच्या कडीसारखा. थांबला. पुन्हा आला… ईस्टरचं ते जुनं स्तोत्र, दगड सरकला, पहाट झाली असं सांगणारं. एंद्रे उठला, स्की रेघेत ठेवली आणि तिच्या तालावर ढकलली. डावा पाय वाहिला. उजवा वाहिला. सूर जरासा खाली उतरायचा, पण ताल? ताल पक्का होता. रोज डोंगर आखणाऱ्या हाताचा ताल.

"हेर्दिस! वाहतोय मी!"

"बोलू नकोस, वाहा!" आणि ती गात राहिली. थांबली तर तो पडेल, म्हणून गात राहिली. बघा, देवाची युक्ती कशी असते. स्वतःसाठी जे तोंड उघडलं नव्हतं, ते दुसऱ्याच्या पायांसाठी उघडलं.

ईस्टरचा दिवस निघाला तो निळाशार. सूर्य असा की बर्फाकडे बघवेना. सगळं गाव मुख्य मागावरून झरझर वर गेलं. पाठीवर पिशव्या, पिशव्यांत संत्री, चॉकलेट, कॉफी. हेर्दिस एंद्रेला मावशीच्या जुन्या वाटेने घेऊन गेली, भूर्जाच्या झाडांच्या कडेने, लांबची पण सौम्य. त्या वाटेवर तेव्हा कुणीच जात नसे. वाटेत तो दोनदा पडला. तिने हात दिला. दुसऱ्यांदा तो हात सोडायला दोघंही विसरली.

"उशीर झाला," तो धापा टाकत म्हणाला. "तू पुढे जा. सांग त्यांना…"

"काय सांगू? गायक येतोय, मावशीच्या बुटांत?"

"…तेच सांग. खरं सांग."

"तूच सांगशील. चल. उजवा."

दोघं माळावर पोहोचली तेव्हा गाव बर्फाच्या बाकांवर, हरणाच्या कातड्यांवर बसून वाट बघत होतं. पाद्रीबाई बर्फाच्या वेदीशी उभ्या होत्या. सगळ्या नजरा वळल्या. आधी हेर्दिसकडे, मग एंद्रेकडे, मग खाली, त्या निळ्या बुटांकडे. कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर योरुनचे!"

एंद्रे पुढे आला. घामाने भिजलेला, छाती भात्यासारखी. "मला… मला स्की येत नव्हती," तो म्हणाला. "आमुंडकाका, मी खोटं बोललो होतो." एवढं बोलण्यातच उरलीसुरली हवा संपली. त्याने स्तोत्रासाठी तोंड उघडलं… आणि काही निघेना. नुसता श्वास, आत, बाहेर.

 आमुंडकाकांच्या भुवया वर चढल्या. एंद्रेने हेर्दिसकडे पाहिलं. तो काही मागत नव्हता. नुसतं बघत होता.

हेर्दिसला शाळेतला तो मंच आठवला, बाईंचं बोट आठवलं. मग तिने खाली पाहिलं, तर निळ्या बुटाचं टोक बर्फावर हळूहळू आपटत होतं. डावा. उजवा. तिचा ताल, तो तिला परत देत होता.

आणि तिने पहिली ओळ उचलली.

सूर जरा खालीच लागला. पण सगळ्या गावाने तो तिथून घेतला, जिथे तिने ठेवला होता; कुणी वर ओढला नाही. दुसऱ्या कडव्याला एंद्रेचा श्वास परतला आणि त्याचा आवाज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. डोंगराने ते सगळं उचललं आणि पलीकडच्या डोंगराला दिलं.

उपासना झाली, संत्री सोलली गेली. आमुंडकाका काठी टेकत आले.

"खोटं बोललास," ते म्हणाले.

"हो काका. समितीला सांगा. मी समजून घेईन."

"समितीला काय सांगायचं ते मी बघतो. आमची हेर्दिस इतकी वर्षं माशासारखी ओठ हलवत बसली होती; आम्हाला काय दिसत नव्हतं? तिला गायला लावलंस तू. आणखी कसला गायक पाहिजे?" मग खाली बघून, "आणि पुढच्या वर्षी जरा लवकर नीघ. पाय मोठे आहेत, तर ढांगाही मोठ्या टाक."

काका गेले. एंद्रे वाकला आणि त्याने एक गुडघा बर्फात टेकवला.

"काय झालं? बूट चावतोय?" हेर्दिसने विचारलं.

"बघतोय… नीट बसलाय का."

"मग?"

"बसलाय. आता कायमचा बसावा असं वाटतंय. तुला काय वाटतं?"

हेर्दिसने सोललेल्या संत्र्याची फोड त्याच्या तोंडात घातली, म्हणजे त्याला आणखी बोलता येणार नाही. "ऊठ आधी," ती म्हणाली. "गुडघा ओला होईल." मग अगदी हळू, पण आवाज काढून, "…हो."

खाली, म्हाताऱ्यांच्या घरात, योरुन मावशी खिडकीत बसली होती. मांडीवर चॉकलेट, शेजारी कॉफीचा थर्मास. गाणं तिथवर पोहोचत नव्हतं. पण भूर्जांच्या कडेची तिची जुनी वाट दिसत होती. तिच्यावर वर चढत गेलेले दोन माग होते. एक सरळ, एक वाकडातिकडा, आणि मध्येच एका जागी दोन्ही इतके जवळ आलेले की वेगळे काढता येऊ नयेत. मावशीने ते बराच वेळ वाचले. मग चॉकलेटचा कागद उघडला.

पुढचा बर्फ पडण्याआधी ती गेली. बूट अजून एंद्रे आणि हेर्दिसच्या दारात आहेत, लाल नाड्या नव्या घातलेल्या.

तर ऐकलंत ना? आता माझं एवढंच मागणं. कधी देवापुढे बसला असाल, सगळे गात असतील आणि तुमचे नुसते ओठ हलत असतील, तेव्हा त्या मोठ्या पायांच्या योरुन मावशीची आठवण काढा. आणि हळू का होईना, आवाज काढा.